थांब, वाळू दे

चौथा दिवस झडीचा.
पापड हातात लोळतो, काडी पेटत नाही,
मिठाच्या बरणीत नुसता चिखल,
आणि माझ्या गाडीच्या पडद्यावर अकरा टक्के.

सकाळी सहाला निघायचं आहे.
तीन गावांचे थुंकीचे नमुने, निळ्या डब्यात, बर्फावर,
साडेनऊच्या आत दारव्ह्याला.
खोकल्याला झड कळत नाही.

वायर घेऊन मी पडवीत आले
तर मामंजी आधीच गाडीपाशी उकिडवे,
टॉर्च दातांत धरून.
एकतीस वर्षं लाइनमन.
डाव्या हाताची दोन बोटं
त्यांनी पुसदकडच्या एका खांबावर सोडली.
घाई होती, एवढंच म्हणतात.

"हात पुस."
पुसले.
"चप्पल?"
घातली.
"आता झाकन उघड."
उघडलं. आत, पितळी टोकांच्या मधे
एक थेंब,
मेथीच्या दाण्याएवढा,
स्वतःचं घर असल्यासारखा बसलेला.

मी वाकले फुंकर मारायला.
"फुकू नोको वं! तोंडातई पानीच रायते."
कापूस आणला.
"तंतू अटकते त्याचे."
मग गळ्यातल्या दुपट्ट्याचं कोरडं टोक
वातीसारखं वळून त्यांनी
थेंब नुसता टिपून घेतला,
लेकराच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तसा.
"आता थांब. वाळू दे."
किती वेळ?
"मले काय माईत? त्याले इचार."

म्हणून मी उभी.
रात्रीचे साडेनऊ, आणि एका भोकाकडे बघत उभी.

शेजारी राठोडांच्या कपिलची गाडी
पत्र्याखाली, विटेवर ठेवलेल्या एक्स्टेन्शनवर लागायची.
आखाडीच्या आदल्या दिवशी वासरानं
त्या पत्र्याचा लोखंडी खांब चाटला
आणि हातभर उडालं.
जगलं. पण अजून त्या बाजूची पेंड खात नाही.
त्याच संध्याकाळी मामंजींनी
आमच्या पडवीतला जुना बोर्ड उपटला,
भिंतीच्या आतून, छातीएवढ्या उंचीवर
नवा पॉइंट काढला, जाड वायरीचा,
आणि त्याची तिसरी तार नेली मागच्या अंगणातल्या खड्ड्यात.

तो खड्डा उन्हाळ्यातलाच.
कोळसा, मीठ, कोळसा, मीठ,
थर देत होते, जसं कोणी लोणचं घालतं.
वैशाखभर रोज एक बादली त्यात.
सासूबाई म्हणाल्या, माह्या मोगऱ्याले कदी घातलं का एवढं?
ते म्हणाले, मोगरा वाळला तं वाळला.

दहा वाजून पाच. त्यांनी टॉर्च मारला,
मान हलवली.
मी वायर लावली. हिरवा दिवा.
आणि लगेच, अर्थात, लाइट गेली.

"काढून ठेव," अंधारातून आवाज.
"थे येते तवा उडी मारतच येते."

मी झोपले की नाही, आठवत नाही.
पावणेदोनला पंखा फिरला.
मी उठायच्या आत पडवीत पावलं.
थोडा वेळ काहीच नाही. मग खट्.
दाराच्या फटीतून पाहिलं:
चार्जरवर त्यांनी उलटा हात ठेवला होता,
उरलेल्या तीन बोटांची पाठ,
माझा प्रणव तापानं फणफणला होता
तेव्हा त्याच्या कपाळावर ठेवला होता तसाच.
तिथंच खुर्ची ओढून बसले.

सकाळी एकोणऐंशी टक्के.
जायला यायला पुरे.
वायर गुंडाळून खुंटीला, झाकण घट्ट,
त्यावर आणखी दूधपिशवी, रबर लावून.

मी डबा बांधते, रेनकोट चढवते.
सांभाळून जा, असं ते कधीच म्हणत नाहीत.
म्हणतात,
"आली का लगेच लावू नोको.
आंदी गाडी थंडी होऊ दे."